मुलीला शत्रूची जर्सी घेऊन द्यावी का?

इस्तंबूल_रिटर्न
मंडळी, प्रश्न गंभीर आहे, हसू नका.

लेक नऊ वर्षांची. पुढच्या महिन्यात वाढदिवस. यंदा सायकल नको, घड्याळ नको, कुत्र्याचं पिल्लूही नको. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची जर्सी हवी. शाळेच्या बसमध्ये शेजारी बसणारी मैत्रीण युनायटेडवाली आहे, तिचा हा प्रताप.

आमचं घर लिव्हरपूलचं, म्हणजे त्यांच्या कट्टर वैरी क्लबचं. भिंतीवर स्कार्फ, चहाचा मग, वायफायचा पासवर्डसुद्धा. मे २००५ मध्ये पुण्यात हॉस्टेलच्या टीव्हीवर इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल पाहिली, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. मिलानचा पहिल्याच मिनिटाला गोल, मध्यंतराला ०-३. अर्धा हॉल उठून झोपायला गेला. मी बसून राहिलो. मग जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल! पेनल्टीत आमच्या गोलकीपर डुडेकने शेवचेन्कोला अडवलं तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. त्या रात्री जे गळ्यात पडलं ते आजतागायत आहे. २०१४ ला चेल्सीसमोर जेरार्ड घसरला आणि लीग निसटली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. २०१९ ला ९७ गुण मिळवूनही दुसरे आलो. तीस वर्षांनी लीग जिंकलो तर करोनामुळे स्टेडियम रिकामं. एवढं सगळं सोसून आता घरातच फितुरी?

बायको म्हणते, "दोन्ही जर्सी लालच तर आहेत, काय फरक पडतो?" (लग्नाला बारा वर्षं झाली.)

वडील मूळचे कोल्हापूरचे, तिथल्या फुटबॉलमधल्या पाटाकडील तालमीचे; त्यांचा वैरी संघ शिवाजी तरुण मंडळ. त्यांना फोन करून गाऱ्हाणं घातलं. ते म्हणाले, "शिवाजीची तर नाही ना मागितली? मग घे की."

काय करू?

ठाणे_लोकल
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतो.

मावशी_पन्नाशीतली
अहो, घ्या हो पोरीला. नऊ वर्षांची मुलगी बाहुली न मागता फुटबॉलची जर्सी मागतेय याचं कौतुक करायचं सोडून फितुरी काय!

सहज_सुचलं
मला हे प्रकरण मुळातच कळत नाही. ज्या शहरात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही, त्या शहरातल्या क्लबसाठी जेवण सोडायचं. लिव्हरपूल बॉस्टनच्या कंपनीच्या मालकीचं, युनायटेडमधला मोठा हिस्सा अमेरिकेतल्याच एका कुटुंबाकडे, मँचेस्टर सिटीमागे अबुधाबीचा पैसा. खेळाडू जगभरचे. मग तुमचं नेमकं काय आहे त्यात? जर्सीचे पैसे सोडून?

इस्तंबूल_रिटर्न
@सहज_सुचलं, हा प्रश्न मला दर हंगामात एकदा पडतो. बहुधा डिसेंबरात. मग मॅच सुरू होते.

शिवाजीपेठ_कायमची
तुमच्या वडलांचा राग न्हाई धरला, कारण त्यांनी खरं सांगितलंय.

भावा, आमच्यात टीम निवडत न्हाईत. पेठ ठरली की टीम ठरली. शाळेत नाव घालायच्या आधी पोराला छत्रपती शाहू स्टेडियमच्या गॅलरीत नेऊन बसवतात. बाप जिथं बसायचा तिथं. माझा आजा शिवाजी तरुण मंडळाचा, बाप शिवाजीचा, मी शिवाजीचा. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी, सगळ्यांशी ईर्ष्या हाय, पण पाटाकडील म्हटलं की विषय वेगळा.

आमच्या थोरल्या बहिणीला स्थळ आलं मंगळवार पेठेतलं, म्हणजे पाटाकडीलवाल्यांचं. बैठकीत देणंघेणं, मानपान सगळं ठरलं. सुपारी फुटायच्या आधी मामा उठला आणि म्हणाला, "एक राहिलंच. मॅचच्या दिवशी पोरगी कुणाकडनं?" सगळी गप्प. शेवटी नवरामुलगाच म्हणाला, "त्या दिवशी माहेरी पाठवतो." आज अठरा वर्षं झाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग असू दे न्हाईतर चषक, शिवाजी-पाटाकडील लागली की ताई सकाळी डबा घेऊन आमच्याकडं. भाऊजी संध्याकाळी न्यायला येतात. ते हसत आले की आम्ही चहा विचारत न्हाई.

एवढं सांगतो, जर्सी घेऊन द्या. घरात विरोधक पाहिजेच. त्याच्याबिगर मॅच जिंकून सांगायचं कुणाला?

ठाणे_लोकल
"ते हसत आले की आम्ही चहा विचारत न्हाई." हसून हसून पुरेवाट. दंडवत घ्या.

पावसाळी_ढग
मी गेली अकरा वर्षं मँचेस्टरमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

या वैराचं मूळ फुटबॉलमध्ये नाही, पाण्यात आहे. मँचेस्टरचा कापूस लिव्हरपूलच्या बंदरातून यायचा आणि बंदरवाले दाबून शुल्क घ्यायचे. मग मँचेस्टरवाल्यांनी सरळ समुद्रापर्यंत स्वतःचा कालवाच खणला. जहाजं थेट शहरात आणली. १८९४ ला तो सुरू झाला, लांबी सुमारे ५८ किलोमीटर. लिव्हरपूलच्या पोटावर पाय आला. म्हणून बघा, युनायटेड काय आणि सिटी काय, दोघांच्याही बोधचिन्हावर जहाज आहे. ज्या शहराला समुद्र नाही त्याच्या छातीवर जहाज!

इथे माझ्या ऑफिसात अर्धे सिटीचे, अर्धे युनायटेडचे. लिव्हरपूलवाला एकच आहे. तो सोमवारी आधी निकाल बघतो आणि मग ठरवतो की घरून काम करायचं की ऑफिसला यायचं.

शिवाजीपेठ_कायमची
म्हणजे तिकडंपण भांडण कालव्यावरनंच? आणि आमच्याकडं विरोधकाचं नावच पाटाकडील! कुठं बी जावा, पाटाच्या कडंला राहणारी माणसं त्रासच देणार.

इस्तंबूल_रिटर्न
हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला सांग, पाटाचं पाणी शेवटी तुमच्याच पेठेच्या घशात गेलं." अर्थ मला विचारू नका.

बालेवाडीचा_विधुर
ज्यांची टीम अजून जिवंत आहे त्यांनी कृपया रडू नये.

मी पुणेकर. २००७ साली पुणे एफसी निघाला. बालेवाडीला जायचं म्हणजे कोथरूडहून अर्धा दिवस मोडायचा, तरी जायचो. आयलीगमधल्या (तेव्हाची देशातली अव्वल लीग) आमच्या पहिल्याच हंगामात तिसरे आलो. २०१२-१३ ला दुसरे, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. वाटलं, पुढच्या वर्षी नक्की. दोनेक वर्षांत सीनियर टीमच बंद.

तेवढ्यात पुण्यातच भारत एफसी नावाचा दुसरा क्लब आला होता. म्हटलं, बिनकामाचं बसण्यापेक्षा याच्या पाठीशी उभं राहू. तो एक हंगाम खेळला. एकच.

मग एफसी पुणे सिटी. केशरी-जांभळी जर्सी, घोडा. २०१८ ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) सेमीफायनलपर्यंत पोचलो, तिथे बंगळूरच्या छेत्रीने एकट्याने तीन गोल घातले. चला, निदान हृदयभंगाचा तरी मान मिळाला म्हटलं. २०१९ ला क्लब गुंडाळला आणि जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादने २०२२ ला आयएसएल जिंकली! घटस्फोट झाला आणि पलीकडच्या गल्लीत तिचं सोनं झालं, तसं. आता तर हैदराबादचाही क्लब दिल्लीला गेलाय.

कपाटात तीन क्लबांच्या चार जर्सी आहेत. बायको दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी विचारते, "ह्यांचं काय करायचं?" मी म्हणतो, तेराव्याला देऊ.

तुमची लेक ज्या टीमची जर्सी मागतेय ती टीम पुढच्या वर्षी असणार आहे. घेऊन टाका.

धाग्याचा_दोरा
@बालेवाडीचा_विधुर, पुण्यात क्लब आणायचा झाला तर आधी तुमची पत्रिका बघायला हवी. तिघांनाही मंगळ भोवलेला दिसतो.

ठाणे_लोकल
क्लब हैदराबादला गेला, पण चिन्ह कोणाकडे राहिलं? मूळ पुणे सिटी कोणती? निकाल कधी?

सहज_सुचलं
राजकारणाचा बोर्ड वेगळा आहे, तिकडे न्या.

फातोर्डा_गेट४
गोव्यातून लिहितो. विधुरभाऊंचं दुःख मोठं, मान्य. पण आमच्यासारखं दुःख नको, कारण आमचं जिवंत आहे आणि रोज दिसतं.

आधीच्या काळी गोव्यात वैर घरातल्या घरात होतं. आमच्या वाड्यावर बाप साळगावकर क्लबचा तर काका धेंपोचा. चर्चिलचे लोक वार्क्याचे, ते वेगळेच तापट. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, काकांनी ते आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ करवले होते. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आयलीगमधून बाहेर पडले. त्या दिवशी बाप आणि काका पहिल्यांदा एका बाजूला बसून चिडले.

मग उरला एफसी गोवा. आणि शत्रू कोण, तर मुंबई सिटी. २०२० ला आमचा प्रशिक्षक लोबेरा तिकडे गेला, एकटा नाही, बूमूस, जाहू, मोर्तादा फॉल यांना घेऊन. ते परदेशी, त्यांचं ठीक. पण मंदार राव देसाई? आमचा पोर! आणि पहिल्याच वर्षी सेमीफायनलला आमच्यासमोर उभे, पेनल्टीवर आम्हाला हरवलं आणि कपही नेला.

तरी ते काहीच नाही. २४ एप्रिल २०२४. सेमीफायनलची पहिली मॅच, फातोर्डा, मी स्टेडियमात. ९० व्या मिनिटापर्यंत आम्ही २-० पुढे. माझ्या शेजारचा गडी मोटारसायकल काढायला निघून गेला, गर्दी नको म्हणून. त्यानंतर मुंबईचे छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते. २-३. तो गडी बाहेर हसत उभा, "कितें, दोनूच?" मी त्याला काही बोललो नाही. त्याला रात्रभर सुखाने झोपू दिलं असतं, पण घरी त्याने टीव्ही लावला असणार.

मुद्दा असा, की माझा भाचा ठाण्यात वाढला आणि तो मुंबई सिटीचा आहे. त्याला निळी जर्सी मीच घेऊन दिली. देताना हात थरथरला, पण दिली.

ठाणे_लोकल
मी मुंबई सिटीवाला. त्या रात्रीबद्दल काही बोलत नाही. फक्त सांगतो की ८९ व्या मिनिटाला मी टीव्ही बंद केला होता. आम्हीही काही थोर नाही.

लालभोपळा
मी युनायटेडचा, १९९९ पासून. कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीग फायनल, बायर्न १-० पुढे, इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅम आणि सोल्शायर. तेव्हा मी सातवीत होतो.

धागालेखकांना एक प्रश्न. तुमच्या लेकीने युनायटेड कधी निवडलं? २०२४-२५ ला आम्ही लीगमध्ये १५ वे आलो. पंधरावे! त्याच वर्षी तुम्ही विजेते. वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो त्या वर्षी लिव्हरपूल म्हणेल. तिने पंधराव्या नंबरची टीम उचलली. हिला म्हणतात निष्ठा. आणि तुम्ही? तुम्ही टीम निवडली ती युरोपचा कप उचलला त्या रात्री. तुम्ही आणि मी दोघेही जिंकलेल्या रात्रीचे पाहुणे आहोत, साहेब. घरात खरा चाहता एकच आहे आणि तो नऊ वर्षांचा आहे.

मावशी_पन्नाशीतली
+१००. पोरीचा पापा घ्या माझ्याकडून.

इस्तंबूल_रिटर्न
आक्षेप! मी कप उचलल्यावर निवडली नाही. मध्यंतराला ०-३ असताना निवडली. अर्धा हॉल झोपायला गेला, मी एकटा बसलो होतो. हरणाऱ्याच्या बाजूने उभा राहिलो होतो. हा फरक लक्षात घ्यावा.

हॉस्टेल_ब_१४
आठ वर्षं इथे फक्त वाचतोय, आज या एका प्रतिसादासाठी खातं उघडलं.

मित्रा, थापा मारू नकोस. मध्यंतराला उठून झोपायला गेलेल्या अर्ध्या हॉलमध्ये तू होतास. "मिलान लई भारी, संपली मॅच," असं म्हणून गेलास. ३-३ झाल्यावर मी धावत येऊन तुझ्या खोलीचं दार वाजवलं, तर आतून शिवी आली. पेनल्टी सुरू होताना परत आलो आणि पांघरूण ओढलं. तू डुडेक नाचत होता तेवढंच पाहिलंस. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांना सहा मिनिटांची गोष्ट तूच सांगत होतास, ती मी तुला सांगितलेली.

ठाणे_लोकल
या संस्थळाच्या इतिहासातला सर्वोत्तम पहिला प्रतिसाद.

धाग्याचा_दोरा
डुडेकनंतर आज पहिल्यांदा कुणी इतकी जबरी अडवणूक केली.

शिवाजीपेठ_कायमची
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

फातोर्डा_गेट४
इस्तंबूलभाऊ, तुम्ही आणि माझ्या शेजारचा मोटारसायकलवाला एकाच माळेचे मणी.

इस्तंबूल_रिटर्न
(दोन दिवसांनी)
हो. झोपलो होतो.

वीस वर्षं ही गोष्ट सांगताना मला स्वतःलाच ते सहा मिनिटं दिसायला लागली होती. मी हॉलमध्ये बसलोय, पंखा फिरतोय, श्मिट्सरने लांबून मारलाय. यातलं काही मी बघितलं नाही, नंतर शंभर वेळा व्हिडिओवर बघितलं. @हॉस्टेल_ब_१४, तुझा फोन नंबर बदलला आहे का? तू कुठे आहेस?

पण एक सांगतो. त्यानंतरची मॅच मात्र सोडली नाही. २०१४ ची चेल्सी पूर्ण बघितली. हरताना बघितली. त्यानंतर ०-३ झाली तरी टीव्ही कधी बंद केला नाही, ते बहुधा त्या रात्रीच्या पापाचं प्रायश्चित्त.

हॉस्टेल_ब_१४
व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.

सहज_सुचलं
मी वर जरा खोचक लिहिलं होतं. हे वाचून माझा एक किस्सा आठवला. मी फुटबॉल बघत नाही, पण २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला तेव्हा नोकरीनिमित्त कोल्हापुरात होतो. दिल्लीत भारताची अमेरिकेशी मॅच. चौकात मोठा पडदा, कारण कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात. भारत ०-३ हरला. पण तो बॉल घेऊन पळाला की अख्खा चौक उठायचा. मी शेजाऱ्याला विचारलं, हा कोणत्या तालमीचा? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी परत काही विचारलं नाही.

शिवाजीपेठ_कायमची
त्या दिवशी हा प्रश्न चुकीचाच होता. दुसऱ्या दिवशी विचारला असता तर मारामारी झाली असती.

आणि हे नुसतं मजेत न्हाई सांगत. आमच्यात ईर्ष्या हाताबाहेर जाते, दगडं पडतात, मॅच थांबतात, पोरांवर केसेस होतात. मी स्वतः एकदा गॅलरीत डोक्याला चार टाके घालून घेतलेत. दगड आमच्याच बाजूनं आला होता, ते वेगळं. त्यावर आमची आई म्हणाली होती, "हे बघायला जातोस का खेळायला?" एकदा शिवाजी एका स्पर्धेत लवकर बाहेर पडली. फायनल पाटाकडील आणि तिसरीच टीम. मी आयुष्यात इतकी कंटाळवाणी फायनल बघितली न्हाई. भाऊजी जिंकले तरी त्यांचं पण तोंड पडलेलं. म्हणाले, "तुमच्या गॅलरीतनं शिव्या ऐकू आल्या न्हाईत, जिंकल्यासारखं वाटंना."

पावसाळी_ढग
याच्याशी सहमत. २०२५ च्या जुलैत लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोता अपघातात गेला. मी त्यांच्या स्टेडियमला, ॲनफील्डला, गेलो होतो. फाटकाबाहेर फुलांचा ढीग, त्यात त्याच शहरातल्या एव्हर्टनचे, युनायटेडचे स्कार्फ. माझ्या ऑफिसातला कट्टर युनायटेडवाला, ज्याने कधी लिव्हरपूलचं नाव शिवीशिवाय घेतलं नाही, तो गाडी चालवत गेला, स्कार्फ बांधला आणि परत आला. सोमवारी कुणाला काही बोलला नाही. ऑगस्टात हंगाम सुरू झाला तेव्हा शिव्या पूर्ववत.

मावशी_पन्नाशीतली
जर्सीचं काय झालं पण? वाढदिवस जवळ आला असेल की.

इस्तंबूल_रिटर्न
सांगतो. कबुलीजबाबांचा मोसमच आहे.

बायकोचा "दोन्ही लालच" सिद्धांत डोक्यात बसला होता. दुकानात गेलो, लहान मापाची लाल जर्सी घेतली. लिव्हरपूलची. म्हटलं, नऊ वर्षांची आहे, लाल दिसलं की खूश होईल. काल रात्री उत्साहाने आधीच दाखवली. तिने उलगडली, छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, यावर पक्षी आहे. मला भूतवाली पाहिजे."

त्रिशूळवाल्या सैतानाला ती भूत म्हणते. मी म्हटलं, पक्षी छान आहे. ती म्हणाली, "छान आहे. तुम्ही घाला." माप नऊ वर्षांचं.

लालभोपळा
आमच्या बोधचिन्हाला यापेक्षा चांगलं नाव कुणी दिलं नव्हतं.

बालेवाडीचा_विधुर
पक्षीवाली परत होत नसेल तर मला पाठवा. कपाटात एक जिवंत क्लबही असू दे.

इस्तंबूल_रिटर्न
दुकानात परत गेलो. भूतवाली त्या मापात संपली आहे, महिनाभर येणार नाही म्हणतात. वाढदिवस रविवारी. आणि रविवारी संध्याकाळी वडील कोल्हापूरहून येतायत, त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलंय की बाबांनी फसवलं तर मला सांग.

लालभोपळा
माझ्या धाकट्याची लहान झालेली एक आहे. मूळ थोरल्याची, आता तो कॉलेजात. भूत ठळक आहे, कोपरापाशी डाळीचा एक डाग आहे, तो जात नाही. पाठीवर रूनी १० लिहिलंय. तिला रूनी माहीत नसेल, चालेल का?

इस्तंबूल_रिटर्न
चालेल. पत्ता व्यनिने पाठवतो. कुरियर शनिवारपर्यंत पोचेल ना?